दोन बोटं मोकळी जागा

"किटलीच्या तोटीपाशी बघ," सासऱ्यांनी तिला ती नवी नवरी असतानाच सांगितलं होतं. "पांढरं सुरू व्हायच्या आधी दोन बोटं मोकळी जागा दिसते ना? खरी वाफ तिथं. पांढरं दिसतं ते नुसते पाण्याचे थेंब. दिसत नाही त्याला भ्यायचं, पोरी." तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलेला माणूस, त्याला किटलीतही बॉयलरच दिसणार! तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आज त्याच सासऱ्यांबरोबर लोक रांग लावून फोटो काढत होते.

स्टीमपंकचा मेळा होता. वाफेच्या जुन्या जगाची नवी सोंगं: पितळी गॉगल, उंच टोप्या, मनगटाला दातेरी चाकं. नवरा महिनाभर पुठ्ठे कापून त्यांना सोनेरी रंग देत बसला होता. बायकोला आणि चार वर्षांच्या ठकीला नटवून, स्वतः मिशा चिकटवून आला होता. सासरे तेवढे आपला जुना कामाचा कोट अडकवून निघाले, आणि भाव तेच खाऊन गेले.

"काका, हा तेलाचा डाग कशानं पाडलात? अगदी खरा वाटतो!"

"पोट भरताना पडला," ते म्हणाले.

हॉलच्या मधोमध दोन पुरुष उंचीचं यंत्र होतं. अंगभर चाळीसेक तबकड्या. चार वाजता त्याचा खेळ होणार होता. एका बाजूनं पांढरा ढग बाहेर पडत होता आणि मुलं त्यातून आरपार पळत होती. तो गार धूर होता. तिनं आधी स्वतःचा हात घालून पाहिला होता. हॉलला दारं दोन, त्यातलं एक टेबलांनी अडवलेलं, हेही पाहून ठेवलं होतं. "तू सिनेमालाही आधी दारं मोजतेस," नवरा नेहमी चिडवायचा.

सासरे थांबले. मान कलती केली.

"ऐकू येतंय?"

आधी तिला नुसता बँडच ऐकू आला. मग त्याच्याखालून, कुणी दातांमधून श्वास सोडावा तसं काहीतरी.

कोपऱ्यात सफाईवाल्यांचा लांब दांड्याचा झाडू होता. सासऱ्यांनी तो उचलला आणि छातीसमोर आडवा धरून यंत्राच्या पलीकडच्या बाजूनं पाऊल पाऊल चालू लागले. तिथं धूर नव्हता. काहीच नव्हतं. लोकांनी कडं केलं. "आजोबांचा खेळ सुरू!" कुणीतरी ओरडलं.

हवेतच झाडूचे प्लास्टिकचे ताठ केस मऊ पडले, वाकले, एकमेकांना चिकटले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिथून हातभर अंतरावर ठकी उभी होती. गॉगल चढवून, सगळ्यांत चकचकीत तबकडीकडे बोट नेत. तिनं झेप घालून लेकीला मागे ओढलं. ठकीच्या पाठीवरचा पुठ्ठ्याचा एक पंख तुटून खाली पडला.

यंत्राची मालकीण माइक घेऊन हसत पुढे आली.

"यातली खरी तबकडी कुठली?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे ना एक." तिचं हसू जरा ओसरलं. "पण रंगवताना सगळ्यांचे काटे एका जागी चिकटवले. छान दिसतात म्हणून."

"आणि जादा वाफ सोडायच्या या झडपेला तार कुणी बांधली?"

"ती मध्येच किंचाळते हो. निवेदन ऐकूच जात नाही."

कोटाची बटणं सासऱ्यांनी खालपासून गळ्यापर्यंत लावली.

"बाबा, पुरे ना आता," नवरा तिच्या मोबाइलवर शूटिंग करता करताच म्हणाला. "रंगाचा बेरंग कशाला?"

"ते ठेव आणि माणसं बाहेर काढ." मग तिच्याकडे वळून, हळू आवाजात, "ठकीला घे. चालत जा. तू पळालीस तर सगळे पळतील, आणि दार एकच आहे."

"आणि तुम्ही?"

"खालची आग बंद करतो न् आलोच. तीस वर्षं रोज घरी येतच होतो की."

ती चालत निघाली. मागून माइकवर नवऱ्याचा आवाज आला, "बाहेर व्हा! बॉयलर फुटेल! खरंच सांगतोय!" उंच टोपी, चिकटवलेल्या मिशा. हॉलभर हशा पिकला. कुणी म्हणालं, "वन्स मोअर!"

दारावरच्या रखवालदाराला तिनं एका श्वासात सगळं सांगितलं. त्यानं तिच्या गालावर तांब्याच्या रंगानं काढलेली चाकं कौतुकानं पाहिली. "मस्त जमलंय, ताई. अंगावर काटा आला." तिनं फोनसाठी कमरेवर हात नेला. त्या झग्याला खिसाच नव्हता. तिचा फोन नवऱ्याच्या हातात होता, आत.

तिनं ओंजळीनं गाल पुसले. रंग नुसता पसरला. कडेवरची ठकी म्हणाली, "आजोबांचा खेळ संपला?" बँड थांबला होता, तरी आतला तो श्वास आता दारापर्यंत ऐकू येत होता. चार वाजायला आले होते आणि आत शिरणाऱ्यांची रांग पुढे सरकत होती. येणाऱ्या एकेकाचा हात तिनं धरला. एकेकानं तो हसत सोडवून घेतला.

आता तिनं तुमचा धरला आहे.

"तुमच्या अंगावर साधे कपडे आहेत. तुमचं ऐकतील. आत जाऊ नका, दारातूनच हाक मारा. तेलकट कोट घातलेले एक म्हातारे आहेत, हातात वितळलेला झाडू. निघालेत का ते, एवढं बघता?"