अक्काचा होकार

पक्षाघातानंतर इंदुमतीचा फक्त अंगठा हलायचा. डोक्याला लावलेल्या पट्टीतून मनातली वाक्यं टिपून हातातला छोटा लिनक्स संगणक ती बोलून दाखवी. लेकीच्या लग्नाची बैठक लांबणार, बॅटरी पुरायला हवी, म्हणून तिने अंगठ्याने प्रोसेसरचा वेग उतरवला होता; त्यामुळे शब्द उशिरा उमटत.

"आई, वेग वाढव," रेवती कुजबुजली. "मला हे लग्न नकोय. मामापुढे माझी जीभ रेटत नाही, तूच सांग."

वाद पेटला तर शेवटपर्यंत आवाज हवा, म्हणून इंदुमतीने अंगठा हलवला नाही.

"अक्का, ठरवायचं ना?" मामाने विचारलं.

नाही, ती मनात ओरडली. संगणक शब्द जुळवत राहिला.

"गप्प म्हणजे कबूल!" म्हणत मामाने सुपारी फोडली.

पेढे फिरू लागल्यावर आवाज आला, "हे लग्न नको."

सगळे थबकले. इंदुमतीने घाईघाईने वेग पूर्ण वाढवला. "रेवतीला विचारा, तिला..."

मामाने हसतच बॅटरी काढून घेतली. "अक्का दमलीय," तो व्याह्यांना म्हणाला.