तोडलेलं पाणी

एकोडीच्या तलावाचं पाणी गावातल्या धानाच्या बांध्यांना चाळीस वर्षं ताराचंदच वाटत आला होता. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरांचं बोलणं त्याला लगेच समजलं. त्याच्या बायकोच्या, शकुनबाईच्या, कमरेच्या हाडात गाठ होती. आज गाठीला रक्त नेणाऱ्या नसा आतून बंद करायच्या आणि उद्या गाठ काढायची, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त कमी जाईल.

नसा बंद झाल्या. सकाळी शकुनबाईचं दुखणं बरंच उतरलं होतं, पण ऑपरेशन नको म्हणून ती हटून बसली होती.

"पाणी तोडलं तं बांधीतलं सारं आपोआप वाळते," ताराचंद म्हणाला. "मंग कापाले कायले लागते? चाल घरी."

डॉक्टर दोनदा येऊन समजावून गेले. ताराचंदनं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि तिला घरी नेलं.

दोन महिन्यांनी शकुनबाईला स्ट्रेचरवरून परत आणलं. डॉक्टरांनी ताराचंदला आत बोलावून नसांचा नवा फोटो उजेडापुढे धरला. शेजारच्या नसांमधून गाठीला पुन्हा रक्त मिळालं होतं, आणि आता ती काढता येण्यापलीकडे वाढली होती. ताराचंद त्या बारीक रेघांवरून बोट फिरवत राहिला. तलावाची पाळ कुठं फुटली, हे साऱ्या गावाच्या आधी त्याला दिसायचं.

बाहेर शकुनबाई त्याची वाट पाहत होती.

"वाळली नं जी गाठ?"

"वाळून राहिली," तो म्हणाला.