सारवणातली कोरी जागा

ब्रशने शेवटची माती झाडली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराची जमीन उघडी पडली. सारवणाऱ्या बोटांच्या कमानी अजून ओल्या वाटाव्यात इतक्या स्पष्ट होत्या. फक्त मधोमध दीड हात लांबीचा तुकडा कोरा राहिला होता.

"इथे रांजण असावा," म्हणत मी वहीत तसं लिहिलं.

उत्खननावर मजुरीला येणारी हौसाबाई खड्ड्यात उतरली. उकिडवी बसून, हवेतच हात फिरवत ती त्या कमानींबरोबर मागे मागे सरकू लागली. कोऱ्या तुकड्यापाशी तिचा हात आपसूक वळसा घालून गेला.

"रांजणाची जागा गोल ऱ्हाती, म्याडम. ही लांबट हाय. आन् बोटं बघा, इथं कशी हळूच वळल्यात." तिने हात मागे घेतला. "लेकरू निजलं हुतं. उठवलं न्हाई तिनं."

मी वहीतला रांजण खोडला. टेकाडावर दुपार पेंगत होती. त्या कोऱ्या जागेवरून आमची नजर हलेना.

खालचा थर खणायला बाकीचे मजूर टिकाव-फावडी वाजवत आले, तेव्हा आम्हा दोघींची बोटं एकाच वेळी ओठांवर गेली.