मागच्या रांगेतला आंबट चेहरा

पाचवी स्लाइड आली तरी मागच्या रांगेतला माणूस हसला नव्हता.

पुढच्या खुर्च्यांवर चौघे ऐसपैस बसले होते. हा एकटाच मागे, टाय आवळून, मांडीवर फाइल घेऊन. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आत येताक्षणीच ताडलं, सूत्रं याच्याच हातात आहेत. खरी मोठी माणसं मागे बसूनच बघतात.

आदल्या दिवशी थोरल्या बहिणीने बजावलं होतं, "गेल्या वर्षीसारखं स्लाइडवरचं वाचून दाखवू नकोस. लोकांना वाचता येतं. सगळ्यात आंबट चेहरा हेर आणि त्याच्याशी बोल. तो पाघळला की बाकीचे आलेच म्हणून समज." बहिणीने तीस वर्षं शाळेत मागचे बाक सांभाळले होते, तिला कळत असणारच.

गेल्या वर्षी बाईंनी बेचाळीस स्लाइड वाचल्या होत्या आणि दवाखान्यांना मदतनिधी देणाऱ्या या समितीने चहा पाजून त्यांची बोळवण केली होती. मागणी साधीच होती. एक गाडी हवी होती, म्हणजे ज्यांना दवाखान्यात येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम देता आला असता. गाडी नाही म्हणून वर्षभरात सात जणांनी उपचार अर्धवट सोडले. त्यातला एक गवंडी आता अंथरुणातून उठतही नव्हता. याही वेळी नकार आला तर त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यांनी आलेख दाखवला. आंबट चेहरा घड्याळाकडे बघत राहिला. त्यांनी विनोद केला. पुढचे चौघे हसले, याने कपाळ पुसलं.

बाईंनी प्रोजेक्टरच बंद करून टाकला.

"उजवा पाय सरळ उचला," त्या थेट त्याला म्हणाल्या. "सगळ्यांनीच उचला. वीस मोजेपर्यंत खाली ठेवायचा नाही."

बारापर्यंत कण्हणं सुरू झालं. पुढच्या जाड्या गृहस्थांनी तर हात जोडले. "अहो बाई, सोडा आता!"

"आता हाच पाय घेऊन तीन जिने उतरा आणि माझ्या दवाखान्यात या. माझा गवंडी रोज येत होता. मग एक दिवस त्याला जमेना."

चौघांचे पाय कधीच खाली आले होते. मागच्याचा मात्र अजून वरच होता. बाईंना ते आव्हान वाटलं. त्या त्याच्याच डोळ्यांत बघत बोलत सुटल्या, गवंड्याने बांधलेल्या घरांबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, गवंड्याला पुन्हा उभं करता येईल त्याबद्दल.

समिती निकाल जागच्या जागी देत असे. "गाडी मंजूर," जाडे गृहस्थ गुडघा चोळत म्हणाले. "आणि पहिली फेरी त्या गवंड्याकडे मारा."

बाईंना रडू आवरेना. त्या तडक मागच्या रांगेत गेल्या. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्याकडे बघूनच मला बोलायला सुचलं."

"मला कुठे साहेब म्हणता?" तो टाय सैल करत म्हणाला. "तुमच्यानंतर माझा नंबर आहे, आणि मघापासून इथून पळून कसं जावं याचाच मी विचार करतोय."