वर चढलेली रेघ

"नोव्हेंबरात असं काय केलंत हो, रशीदाताई?"

हिंजवडीच्या थंडगार खोलीत हेमामॅडमनी विचारलं आणि सगळ्या माना वळल्या. वस्त्यांमधल्या वर्गांना पैसे देणाऱ्या कंपनीत त्या अधिकारी होत्या. पडद्यावर रशीदाच्या वर्गाची हिरवी रेघ होती. स्वारगेटमागच्या वस्तीतल्या मुलांच्या गणिताच्या गुणांची सरासरी. दिवाळीपर्यंत रेंगाळलेली रेघ नोव्हेंबरात टुणकन वर गेली होती.

रशीदाने कसलं काय केलं होतं! शालूच्या बापाचं बांधकामावरचं काम संपलं आणि बिऱ्हाड हललं. भागाकार दिसला की रडकुंडीला येणारी शालू आणि तिची दोन भावंडं वर्गातून गेली. मागे उरली ती बरी मुलं. रेघ चढली. रशीदाने हे सगळं सांगून पाहिलं.

"गेलेली मुलं यात कुठेच दिसत नाहीत का?"

"नसलेल्या मुलांचे गुण कुठून आणायचे, ताई?" हेमामॅडम हसल्या. बाई वाईट नव्हत्या, म्हणून तर भांडताही येईना. "उद्याच्या परीक्षेत रेघ तेवढी खाली येऊ देऊ नका. ज्यांची उतरेल ते वर्ग बंद करायचं ठरलंय. माझ्या हातात काही नाही."

हिंजवडीची गर्दी तुडवून ती वस्तीत पोचली तेव्हा मुलं समाजमंदिरात वाट बघत होती. उद्यासाठी सरासरी पक्की करून घ्यायची होती. तिने फळ्यावर उदाहरणं घातली. एक कमी आकडा आला की सगळ्यांची सरासरी कशी घसरते, ते पुन्हा समजावलं. मुलांनी माना डोलावल्या.

इतक्यात दारात शालू उभी. केसांत सिमेंटची धूळ, कडेवर घरातलं तान्हं.

"बाई, आमी परत आलो! हितंच काम लागलंय बापाला. उद्यापासनं तिघंबी येऊ?"

रशीदाला भरून आलं. या पोरीची आठवण आली नाही असा दिवस गेला नव्हता. तिने शालूला जवळ घेतलं, केस झटकले. मग तिचा हात थांबला.

"उद्या सुट्टी आहे, बाळा," ती म्हणाली. "परवापासून या."

शालू खुशीत पळाली. रशीदा तोंड फिरवून फळा पुसू लागली. आता कुणीतरी म्हणेल, बाई, उद्या तर परीक्षा आहे ना? तिला वाटत होतं, कुणीतरी म्हणावंच.

कुणी बोललं नाही. सरासरी सगळ्यांना समजली होती.