फळीवरचा डबा

पाहुणे महानंदाला पसंत करून गेले आणि चारच दिवसांत नकार आला. मध्यस्थ खालच्या आवाजात म्हणाला, "फळीवर प्रोटीन पावडरीचा डबा बघितला त्यांनी. तसला डबा टीबीवाल्याच्या घरात असतोय की."

डबा तिच्या भावाचा, सिद्रामचा होता. गिरणीला सुट्टी असली की तो हौसेनं सायकल काढून तुळजापूरचा घाट चढून यायचा, ताकदीसाठी पावडर घ्यायचा. आपल्या डब्यानं बहिणीचं लग्न मोडावं, हे त्याच्या जिवाला लागलं. रविवारी त्यानं सायकलवर टांग टाकली आणि तुळजापुरात थेट पाहुण्यांच्या दारात उतरला.

"मामा, टीबीचा माणूस सोलापुरातनं सायकल मारत हितवर येईल का?"

मुलाच्या वडिलांनी त्याला बसवून पाणी दिलं. त्यानं घटाघटा पिऊन फुलपात्र खाली ठेवलं.

"खरं हाय पाहुणं. मग पावडर कशापायी घेताय?"

"औंदा घाटात दम पुरंना झालाय. दोनदा उतरावं लागतंय, म्हणून..."

स्वतःचंच बोलणं कानावर पडलं आणि त्याची नजर फुलपात्राकडं गेली. मुलाची आई पुढं आली. तिनं पदरानं फुलपात्र उचललं आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पालथं घातलं.

सिद्रामला तिचा राग आला नाही. पावडरीच्या दुधातले शेवटचे दोन घोट तो रोज आपल्या उष्ट्या पेल्यात महानंदासाठी ठेवत होता.