कानसेन

"चारशे तीस मीटर," व्हॅनमधून उतरत ऑपरेटर म्हणाला. "पाच-दहा इकडं-तिकडं."

कानसेननं मान हलवली आणि हेडफोन चढवले. यंत्र अंतर सांगतं, पण जमिनीखालची केबल सरळ जात नाही. कुठं वळसा असतो, कुठं जास्तीची गुंडाळी पुरून ठेवलेली असते. नेमकी जागा कानानंच काढायची. व्हॅनमधून दर सहा सेकंदांनी केबलमध्ये विजेचा जोरदार ठोका सोडला, की जिथं ती फुटली आहे तिथं मातीच्या पोटात 'धप्' होतं. बहुतेक वेळा दबकंच. ते पकडायला कानसेन जमिनीवर मायक्रोफोन टेकवत टेकवत चालायचा. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं.

त्याच्याशी बोलायचं तर समोर येऊन बोलावं लागे. पाठीमागून मारलेल्या हाकेला तो ओ देत नसे. "काम चालू असताना मला देवही ऐकू येत नाही," असं तो एकदा म्हणाला होता. ते वाक्य खात्यात पुढं बरीच वर्षं फिरत राहिलं.

त्याच्या दोन पावलं पुढं खणणारी मावशी चालत होती, अनवाणी, खांद्यावर फावडं टाकून. कानसेन दोनदा पुढं गेला, दोनदा मागं आला. मग मावशी फावडं टेकवून थांबली होती तिथंच गुडघ्यावर बसला आणि बोटानं फरशी वाजवली.

"इथं."

तीन फूट खणल्यावर जळका वास आला. खाली काळी ठिक्कर पडलेली केबल होती.

"वीतभरसुद्धा चूक नाही," नव्या इंजिनिअरबाई म्हणाल्या. त्यांना येऊन दोनच महिने झाले होते.

आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना रबरी बूट सक्तीचे केले होते. तेव्हा कानसेन स्वतः त्यांच्याकडं गेला होता. मावशीला बुटांत चालता येत नाही, माझ्या जबाबदारीवर तिला तशीच राहू द्या, म्हणाला होता. बाईंनी कुरकुरत ऐकलं. खात्यातली माणसं म्हणाली, फणसासारखा आहे हा, वरून काटे आणि आत गरे.

महिनाभरानं खोदाईचं यंत्र आलं. सहा खणणाऱ्यांपैकी दोघंच राहणार होते, तेही तरणे. मावशीची एकोणीस वर्षं झाली होती आणि घरी अंथरुणाला खिळलेली लेक होती. चहाच्या सुट्टीत ती कानसेनच्या समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, बाईंना एक शब्द सांगाल?"

"काय?"

"की मला कळतं. ठोका बसला की तळपायाला कळतं. जागा शोधायला एक मदतनीस घेणार आहेत. मी बाईंना विचारलंय. तुम्ही हो म्हणालात तर मला घेतील."

त्यानं चहा संपवला. "बघतो."

"बाकीचं मी कुणाला बोललेली नाही," मावशी हळूच म्हणाली. "बोलणारही नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना बोलावलं. "ही म्हणते, हिला पायाला जागा कळते. खरं असेल तर एकदा रीतसर पाहू या. दोघांची चाचणी घेते. तुमचे कान आणि हिचे पाय."

कानसेनच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तो हसला.

"बाई, पायांना कळत असतं तर मला कुणी विचारलं असतं? ती माझ्याकडं बघून थांबते. इतक्या वर्षांची सवय."

बाईंनी मावशीकडं पाहिलं. "खरं का?"

मावशी कानसेनकडं बघत राहिली. त्यानं नजर टेबलावरच्या कागदांवर ठेवली.

"साहेब म्हणतात तर तसंच असेल," ती म्हणाली.

शनिवारी तिचा हिशेब झाला. कानसेन फाटकाजवळ व्हॅनमध्ये सामान चढवत होता. त्याच्या पाठीमागून जाताना ती थांबली. "येते साहेब. तब्येतीला जपा." त्यानं वळून पाहिलं नाही. ती क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

ऑपरेटरनं ते पाहिलं. त्या दिवसापासून खात्यात कुणी फणस म्हणालं नाही. दगड म्हणू लागले.

अकरा दिवसांनी सकाळी इस्पितळाची केबल गेली. जनरेटर दुपारपर्यंत तग धरणार होता, पुढचं कुणी बोलत नव्हतं. फाटकाबाहेर रुग्णांचे नातेवाईक जमले होते, दोन परिचारिका पायरीवर उभ्या होत्या. खोदाईचं यंत्र सोंड उचलून तयार होतं. बाई घड्याळ बघत होत्या.

कानसेन चार वेळा पुढं गेला, चार वेळा मागं आला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"साहेब, कुठं लावू?" यंत्राच्या ड्रायव्हरनं समोरून विचारलं.

त्यानं हातानंच थांब म्हटलं.

ऑपरेटर त्याच्या समोर आला. "ठोका वाढवू का?"

"वाढव."

ऑपरेटर व्हॅनमध्ये गेला. पुढच्या ठोक्याला पायरीवरची परिचारिका दचकली. एका बाईनं कडेवरचं मूल छातीशी धरलं. ड्रायव्हर खाली उतरला. पुन्हा ठोका बसला, तेव्हा फाटकालगतच्या गटाराची फरशी सगळ्यांदेखत थरथरली. कानसेनच्या मागं, सहा पावलांवर. सगळे तिकडंच बघू लागले. इंजिनिअरबाईही बघत होत्या. मग त्यांनी नजर सावकाश कानसेनवर आणली आणि ती तिथंच राहिली.

एवढी माणसं आपल्याकडं का बघताहेत ते कानसेनला कळेना. त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"गलका करू नका," तो वैतागून म्हणाला. "ठोका अजून वाढव. काहीच येत नाहीये."